पोकळ झाड

तीर्थरूप पप्पांना अक्षताचा जयभीम.

शाहूवाडीच्या या देवराईत रेंज न्हाय, म्हणून पत्र. झाडांची नोंद करायचं काम बरं चाललंय. भाकरी पोटभर मिळते, काळजी नको.

काल चौघांच्या कवेत मावणार न्हाय असं जुनं झाड बघितलं. तुम्ही दुकानात लाकूड ठोकून बघता तसं ठोकलं आणि सवयीनं बोलून गेले, "पोकळ हाय, बाद."

देवराई राखणाऱ्या आक्कांनी माझा हात धरला. "ठोकू नको पोरी. आत बाळंतीण हाय."

वर बघितलं तर ढोलीचं तोंड लिंपलेलं. आत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन पिलांसकट बसलीया आणि नर बारीक फटीतनं एकेक फळ भरवतोय. असली ढोली कोवळ्या झाडाला पडतच न्हाय. त्याच फळांच्या बिया टाकत हा पक्षी रान वाढवतो.

रस्त्यासाठी तोडायच्या झाडांवर लाल नंबर पडलेत. ह्याचा नंबर पहिला, पोकळ म्हणून. गावानं हरकत घेतलीया, तिला आमची नोंद जोडणार हाय.

आईचा गुडघा कसा हाय? तिला ह्या बाळंतिणीचं सांगा.

आणि पप्पा, दुकानात जुनं लाकूड आलं तर कुठल्या रानातलं ते विचारा. ते ठोकून कळत न्हाय.

तुमची,
अक्षता