रिकामा डबा परत जाणार नाही

मी, जसोदाबाई चुनीलाल पाटील, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा धुळे, वय पासष्ट, धंदा शेती (वकिलांनी मसुद्यात 'घरकाम' लिहिलं होतं, ते मी खोडलं), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दडपणाला किंवा गोड बोलण्याला मी बळी पडलेली नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने उद्या सकाळी माझ्याबरोबर वावरात यावं आणि दुपारपर्यंत टिकून दाखवावं.

मृत्युपत्रात जमीन आधी लिहायची रीत आहे म्हणून आधी जमीन लिहिते. पण खरं तर हा सगळा खटाटोप एका पत्र्याच्या डब्यासाठी आहे. तो डबा परदेशातून माझ्या घरी भरलेला आला. तो भरूनच परत गेला पाहिजे. आयुष्यभर मी लोकांना वाढलं आहे, मरताना नुसती घेणारी म्हणून मला मरायचं नाही.

कलम १. गावालगतची केळीची चार एकर जमीन, विहीर आणि बैलजोडी माझा पुतण्या भाईदास याला द्यावी. माझे यजमान वारल्यापासून सोळा वर्षं त्याने माझी शेती सांभाळली, दुखण्यात मला गाडीत घालून शहाद्याला नेलं. हे मी नाकारत नाही. पण गेल्या वर्षी परदेशी पाहुण्यांच्या सत्कारात तो माइकवर म्हणाला, "आम्ही अडाणी माणसं, तुम्ही दिलंत म्हणून जगलो." मी पुढच्या रांगेत बसले होते. टाळ्या पडल्या, तेव्हा मी हात पदरात धरून ठेवले. त्या वाक्यामुळे तापीकाठचं वावर त्याला मिळणार नाही.

कलम २. तापीकाठची तीन एकर जमीन माझी मुलगी रंजनाबाई हिला द्यावी. सन १९५६ च्या कायद्याने ती माझ्या पूर्ण मालकीची झाली आहे. तो कायदा मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतला आहे. लेकीला जमीन दिली म्हणून भाऊबंद तोंडं वाकडी करतील, त्यांना करू द्यावीत. अट एकच आहे. त्यातल्या अर्ध्या एकरात दर साली दादर पेरावी. आमच्या काळ्या जमिनीतली ही रब्बीची ज्वारी पाऊस सरल्यावर पेरतात आणि ती नुसत्या ओलीवर येते. तिची भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बाकी अडीच एकरांत रंजनाने हवं ते नवं बियाणं लावावं. नव्याशी माझं वैर नाही.

कलम ३. आता डबा. सन १९५८ साली अमेरिकेचा एक शेतकी साहेब विकासाच्या कामावर आला आणि तीन दिवस आमच्याकडे उतरला. त्याने हा डबा भरून तिकडच्या ज्वारीचं बी दिलं. मी ते दोन गुंठ्यांत पेरलं. ते गावात सगळ्यांच्या आधी पिकलं, त्यामुळे सगळ्या गावची पाखरं माझ्याच वावरात आली. साहेब पुन्हा पाहणीला आला तेव्हा स्वतः वावरात उभारलेल्या माळ्यावर चढून दिवसभर गोफण फिरवत बसला. एकही पाखरू त्याच्या हातून उडालं नाही. माणूस चांगला होता, हाताला घट्टे होते, दादरची भाकर तीन वेळा मागून खाल्ली. त्याच्यावर माझा राग नाही.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर दाणे असले तरी घालतात. म्हणून मी डबा दादरने भरला आणि कचेरीत नेला. तिथला कारकून म्हणाला, "बाई, मदत तिकडून इकडे येते. इकडून तिकडे जायची तरतूद नाही." मग भिकन शिंप्याने डब्याला मांजरपाटाचं कापड शिवून दिलं आणि साहेबाच्या पत्त्यावर मी तो टपालाने पाठवला. चार महिन्यांनी तो शिक्क्यांनी भरून परत आला. आतल्या दादरला सोंडे किडे लागले होते.

तेव्हापासून दर साली दादर निघाली की मी जुने दाणे काढून नवे भरते. माझ्यामागे डबा रंजनाने ठेवावा आणि तिच्या अर्ध्या एकरातल्या दादरने असाच भरत राहावा. भाईदास म्हणतो, "काकी, हाऊ डबा फेकी दे. लोक हासी ऱ्हायनात." लोकांनी हसावं, मी त्यांना अडवलेलं नाही. डब्यावर मदतीची खूण म्हणून दोन हात एकमेकांत धरलेले छापले आहेत. ते दोन्ही एकाच उंचीवर आहेत. ज्याने चित्र काढलं त्याला समजलं होतं, वाटणाऱ्यांना समजलं नाही.

कलम ४. साहेबाबरोबर आलेल्या दुभाष्याला माझी दोन वाक्यं द्यावीत. मी साहेबाला विचारलं होतं, "तुमनी माय वावरमा जास का? तुमना गावमा पानी कथाईन येस?" एवढ्या लांब बोलण्याचं त्या गृहस्थाने "थँक्यू" असं इंग्रजी केलं. साहेब हसला, मान हलवली आणि पुढच्या वावराकडे गेला. त्याची आई शेतात जाते की नाही आणि त्याच्या गावात पाणी कुठून येतं, हे मला अजून कळलेलं नाही. दुभाषा जिवंत असेल तर त्याने ते विचारून रंजनाला कळवावं.

कलम ५. हे कलम माझ्याविरुद्ध आहे. गेल्या साली दुष्काळात डोंगरातून करमसिंग पावरा आला. मी त्याला दोन पायली दादर दिली. महिन्याभराने तो टोपलीत चारोळी घेऊन इतक्या उन्हातून चालत आला. "हाई तुन्हाकरता लई उनू," म्हणत त्याने टोपली माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे रे भाऊ, तुन्हा पोऱ्यासले दे." मला वाटलं, मी मोठं मन दाखवलं. तो टोपलीकडे बघत म्हणाला, "मंग तुन्ही दादर मी काब्रं लिधी?"

मग तुझी दादर मी तरी का घेतली? तो टोपली उचलून गेला. आठ वर्षं ज्या कारकुनाला मी शिव्या घालत होते, त्याची खुर्ची माझ्या ओट्यावर होती आणि मीच तिच्यात बसले होते. त्या दिवसाची मला लाज वाटते.

वकील सांगतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून या मृत्युपत्रात करमसिंगला मी काहीही देत नाही. तो साक्षीदार आहे.

कलम ६. यापुढे कोणत्याही देशाचा, कोणत्याही योजनेचा साहेब आमच्या दारी आला, तर त्याला आधी ओट्यावर बसवावं आणि भाकर वाढावी. त्याने आपली बॅग उघडण्यापूर्वी हा भरलेला डबा त्याच्या हातात द्यावा. त्याने तो घेतला, दादर कशी पेरतात हे विचारलं, तर त्याचंही सगळं ऐकून घ्यावं आणि पटेल ते पेरावं. त्याने नाही म्हटलं, तर त्याची बॅग उचलून जीपमध्ये ठेवायला मदत करावी. एवढी मदत आपणही करू शकतो.

हे मृत्युपत्र दिल्लीपर्यंत आणि तिच्या पलीकडे कोणाला वाचायचं असेल तर वाचू द्यावं. त्यात गुप्त काही नाही.

मी लिहिलेलं दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: जसोदाबाई चुनीलाल पाटील

साक्षीदार:
१. भिकन दगा शिंपी, राहणार प्रकाशा (सही)
२. करमसिंग जान्या पावरा (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: प्रकाशा
तारीख: ११ मे १९६७

ता. क. अंगठा उठवून झाल्यावर करमसिंगने दाराआड ठेवलेली टोपली पुढे केली. चारोळी आहे. मी दोन्ही हातांनी घेतली आणि त्याच्यासमोर चार दाणे तोंडात टाकले. टोपली माझ्याकडे आहे. ती मी मेल्यावर कोणी परत करायची नाही, येत्या सोमवारी मीच भरून घेऊन डोंगरात जाणार आहे.