फ्लेक्सवरचे डॉक्टर

२ फेब्रुवारी, सोमवार
प्रबंध ३० एप्रिलला द्यायचा. माझ्या गाइड कुमुद मॅडम म्हणाल्या, ही शेवटची मुदतवाढ, नंतर नोंदणी रद्द. विषय: अमेरिकन उच्चशिक्षणाचा राजकीय इतिहास. फक्त चौथं प्रकरण उरलंय. म्हणजे लिहायचंय. शीतयुद्धात प्राध्यापकांकडून सरकारनिष्ठेच्या शपथा मागितल्या, काहींनी नोकरी सोडली पण सही केली नाही. काय ताठ माणसं! उद्या पहाटे पाचला सुरुवात.

३ फेब्रुवारी
साडेनऊला उठलो. मेंदूला विश्रांती हवी होती.

८ फेब्रुवारी, रविवार
शेजारच्या बंगल्यातले काशीरामभाऊ आले. जमीन विमानतळात गेल्यापासून गाडीच्या काचेवर 'भावी नगरसेवक'. म्हणाले, "सर, तुमी अमेरिकेच्या कालेजांचंच शिकता ना? मंग आमच्या पोरीचं, हेतलचं तिकडं जमवून द्या." मी समजावलं, माझा विषय इतिहास, ॲडमिशन नाही. ते म्हणाले, "त्येच की." ठाम नकार देणार होतो. पण त्यांनी करंजा बंदरावरची ताजी सुरमई आणली होती आणि अरुंधतीने ती धुवायलाही घेतली. बायकोपुढे इतिहास चालत नाही.

२२ फेब्रुवारी
हेतलच्या अर्जासाठी निबंध लिहिला: 'मला अमेरिकेत का शिकायचंय'. तळटिपांसकट. प्रबंधापेक्षा सरस. हेतल म्हणाली, सर, मी माझा मागच्याच आठवड्यात पाठवला. या पिढीला घाई फार.

५ मार्च
तिकडे सरकार आणि विद्यापीठं पुन्हा भांडताहेत. आज लिहिलेलं उद्या शिळं होणार. इतिहास थांबेपर्यंत आपणही थांबावं, हेच शास्त्रशुद्ध. मॅडमना तसं कळवलं. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. पाठिंबा समजतो.

२९ मार्च
हेतलला ॲडमिशन! मार्गदर्शनाचा परिणाम.

३१ मार्च
चौकात फ्लेक्स लागला. मधोमध काशीरामभाऊ, बाजूला हेतल एवढीशी, कोपऱ्यात मी, लग्नातल्या फोटोत. खाली 'मार्गदर्शक: अमेरिकातज्ज्ञ डॉ. प्रणित सर'. 'डॉ.' काढायला सांगायला गेलो. भाऊ म्हणाले, "आज ना उद्या व्हनारच ना तुमी?" तसं पाहिलं तर चूक नाही. येताना लांबच्या रस्त्याने आलो, म्हणजे चौकातून.

१२ एप्रिल
सकाळपासून खारघर, तळोज्याचे पालक. दुपारी भाऊंची आई जनीबाय गुडघे दाखवायला आली. शेक घ्या म्हटलं. औषध दिलं नाही, तत्त्व म्हणून.
चौथं प्रकरण उद्या.

१९ एप्रिल
माझा सत्कार. राजकारण्यांपुढे मान न झुकवणाऱ्या प्राध्यापकांवर बोललो. टाळ्या. मग हार घालताना काशीरामभाऊंचा हात पोचेना. म्हणाले, "सर, जरा मान खाली." केली.

२१ एप्रिल
कुमुद मॅडम इथे पनवेलला लग्नाला आल्या होत्या. चौकातूनच फोन. म्हणाल्या, "अभिनंदन, डॉक्टर. मला सांगायचं राहिलं का?" खुलासा लिहायला घेतलाय.

२८ एप्रिल
खुलासा चौथ्या प्रकरणापेक्षा लांब झाला. अर्थात प्रकरण अजून शून्य पानांचं आहे. दोन दिवस पुष्कळ आहेत.

१ मे
मुदत काल संपली. प्रकरणाचं शीर्षक मात्र पक्कं झालं. आज महाराष्ट्र दिन, सुट्टीच्या दिवशी कोण काय रद्द करतंय!

१० मे
केलं. नोंदणी रद्द झाल्याचा मेल काल आला. अरुंधतीला अजून बोललो नाही. फार वाईट वाटतंय, आणि कुणावर चिडावं तेही कळत नाही.
पालिकेने चौकातले सगळे फ्लेक्स उतरवले. काशीरामभाऊ आपला घडी घालून घेऊन आले. म्हणाले, "ठेवा सर, कामाला येल." आला. अरुंधतीने मसाल्याच्या मिरच्या वाळवायला तो गच्चीवर पसरला, अक्षरं खाली. चार कोपऱ्यांवर विटा ठेवायचं काम माझ्याकडे. माझा फोटो ज्या कोपऱ्यात, तिथे मी वीट ठेवताना तिने विचारलं, डोळ्यांत पाणी का?
मिरची, म्हटलं.
ती म्हणाली, मिरच्यांचं पोतं अजून खालीच आहे.