मुठीखालचा गंज

धुळे, खंडेनवमी, १९६८

सोनगीरहून आत्ताच परतलो. जेवण गेलं नाही.

नाना तिथले, पलटणीतले निवृत्त हवालदार. ब्रह्मदेशच्या लढाईतून येताना त्यांनी एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याची आखूड तलवार आणली होती. मरण्याआधी ती त्याच्या घरच्यांना पोचवायची, एवढाच त्यांचा ध्यास. गेल्या महिन्यात त्यांनी मूठ काढून आतलं पोलाद मला दाखवलं. काळ्या गंजात कोरलेली अक्षरं होती. आमच्या साप्ताहिकाचा अंक छपाईला जायचा होता, घाईत उतरवून घेतली नाहीत. मुंबईच्या एका जाणकाराला मात्र विचारलं. त्याचं उत्तर आलं: घडवणाऱ्याचं नाव तिथंच असतं, त्यावरूनच माग लागला तर लागेल. मुठीखालचा गंज कधीही काढू नका, तलवारीचं वय तोच सांगतो.

ते पत्र आठ दिवस माझ्या खिशात. भेटीत सांगू म्हटलं. एक कार्ड का टाकलं नाही?

आज नानांनी तलवार पूजेला मांडली होती. धारेजवळची धुक्यासारखी रेघ तशीच. मूठ मात्र काढून शेजारी ठेवलेली.

"दोन दिन कानस घासी, भाऊ! बठ्ठा गंज काढी टाका. लोकेसनी वस्तू शे, मळकी कशी धाडानी?"

त्यांनी घासलेल्या पोलादावर मी बोट फिरवलं. गुळगुळीत. एकही अक्षर नाही.

"आते त्याना घरना लोके सापडतीन ना?"

"सापडतील," म्हणालो.

नानांनी समाधानानं तिच्यावर झेंडू ठेवला. पत्र अजून खिशातच आहे.