उंबरठ्याबाहेरचा उमराव

तीर्थस्वरूप ताईच्या पायांशी धाकट्याचा दंडवत (कंबर वाकू देईल तेवढाच).

तुझं कार्ड मिळालं. सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर आलेलं कार्ड, म्हणून चष्मा पुसून, खुर्ची खिडकीशी ओढून वाचायला बसलो, तर आत ओळ एकच. ‘माझी वस्तू आठ दिवसांत परत कर.’ ना आशीर्वाद, ना सही. तुझ्या त्या ओळीचं उत्तर मी देणार आहे, टाळत नाही, पण आधी इकडची हकिकत सांगू दे. ती सांगितल्याशिवाय उत्तर कळायचं नाही. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस का अजून? जेवण नीट चावून होतं ना? (हे आपलं सहज विचारलं.)

तर ताई, तुझा भाऊ टीव्हीवर आला आहे. म्हणजे भाऊ नव्हे, भावाचा आवाज. आपली सूनबाई जिथे नोकरी करते तिथे कार्टूनची एक विनोदी मालिका तयार होते, आणि त्या मालिकेतला रक्त पिणारा उमराव मी आहे. घाबरू नकोस. जुन्या परदेशी भयकथांमध्ये असतो ना, काळा झगा घालून शवपेटीत झोपणारा, आरशात न दिसणारा, लसणाला भिणारा, त्याला लोक व्हँपायर म्हणतात. या मंडळींनी त्याची पार रेवडी उडवली आहे. आमचा उमराव रक्त पाहिलं की भोवळ येऊन पडतो आणि बीटाच्या रसावर दिवस काढतो. आरशात दिसत नसल्यामुळे गेली तीनशे वर्षं त्याचा भांग वाकडा आहे. शवपेटीला त्याने मच्छरदाणी लावली आहे, कारण डासांपुढे त्याचं काही चालत नाही. आणि मुख्य अडचण अशी की घरातल्या माणसाने ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला कोणाचा उंबरठा ओलांडता येत नाही, हा त्या कथांमधला जुना नियम आहे. आमच्या उमरावाला कोणीच ‘या’ म्हणत नाही. प्रत्येक भागात बिचारा कुठल्या ना कुठल्या दारात ताटकळत असतो.

आता तू म्हणशील, चाळीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं. तर सुचलं काही नाही, सूनबाई डबा विसरून गेली. तिचं कचेरीचं ठिकाण म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एका खोलीत चित्रं, एका खोलीत लेखिका नि तिचा चहा, आणि तिसरीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तिथे आवाज भरतात. सूनबाईच्या टेबलासमोर एक तक्ता टांगला आहे, त्यावर नुसती तोंडं. ‘आ’चं तोंड, ‘ओ’चं तोंड, ‘म’चं मिटलेलं तोंड, अशी अकरा. आवाज ऐकून कोणत्या क्षणी कोणतं तोंड लावायचं हे ठरवायचं, हीच तिची नोकरी. (आपल्या घरात इतकी तोंडं असताना तिला तिथे जाऊन ती काढावी लागतात, हे मी तिला एकदाच म्हणालो. पुन्हा नाही.)

त्या दिवशी उमरावाचा खरा नट आजारी होता. आणि यांच्यात रीत अशी की चित्रांना अंदाज यावा म्हणून आधी कोणाचाही कच्चा आवाज भरून घ्यायचा, त्यावर तोंडं बेतायची, आणि मागाहून नटाने त्या मापात बोलायचं. मी डबा घेऊन उभा होतो. दिग्दर्शक (याला सगळे ‘टोपी’ म्हणतात, कारण ती त्याच्या डोक्यावरून उतरलेली कोणी पाहिलेली नाही) म्हणाला, ‘आजोबा, दोन ओळी वाचता का? नुसत्या वाचा, अभिनय नको.’ ताई, मला छापील ओळ दिल्यावर नुसतं वाचता येतं का? ओळ होती, ‘बाहेर गारठा आहे, आत येऊ का?’ माझ्या डोळ्यांपुढे तिसरीचा वर्ग उभा राहिला, गुरुजी पट्टीने टेबलावर ठेका धरताहेत, बाहेर निंबाच्या फांदीवर उन्हं, आणि मी हात मागे बांधून उभा. मी ती ओळ चालीवर म्हटली. अर्ध्यावर थांबून, शेवटचं अक्षर लांबवून. आणि ‘गारठा’च्या आधी माझ्या दातांतून एक बारीकशी शिट्टी निघाली, वाऱ्याने फट शोधावी तशी.

गादीच्या खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता हाकलणार. तर लेखिका खाली बसून हसत होती आणि टोपी म्हणाला, ‘ही शिट्टी पुन्हा येईल का?’ आली. ‘स’ आला की शिट्टी, ‘श’ आला की शिट्टी, आणि जोडाक्षराला शिट्टीच्या जोडीला एक टकटक. सूनबाईला तक्त्यावर बारावं तोंड काढावं लागलं, ते खास माझं. नट बरा होऊन परत आला तेव्हा चार भागांची तोंडं माझ्या आवाजावर बेतून झाली होती. त्याने बारा वेळा प्रयत्न केला, त्याला शिट्टीच घालता येईना. शेवटी त्याला गावातल्या कोतवालाचं काम दिलं. (हल्ली भेटला की नमस्कार करतो, पण दात-ओठ खात.)

मग मी काय थांबतो. लेखिकेला सांगितलं, उमराव दारात उभा राहून विनवणी करतो ती गद्यात कशाला? आपल्या शाळेतल्या कवितांच्या चालीवर मी स्वतः दोन ओळी जुळवल्या. पाहा जमल्या आहेत का:

सांज उतरली हळू अंगणी, मिटली दारे सारी;
कोण उभा तो थंड हवेमधि, हात जोडुनी दारी?

आता प्रत्येक भागात उमराव हे म्हणतो, आणि घरातली माणसं दिवा मालवून झोपेचं सोंग घेतात. परवा रस्त्यात दोन पोरी दप्तरं घेऊन चालल्या होत्या, त्या शिट्टीसकट हे म्हणत होत्या. मी मागे मागे कोपऱ्यापर्यंत गेलो. माझ्याकडे वळून पाहिलं असतं तर काय सांगणार होतो कोण जाणे. ताई, मला आठवलं ते आपलं मोरीशेजारचं दार. मी शाळेतून येऊन नवी कविता म्हणायचो आणि तू भांडी घासता घासता मागून म्हणायचीस. तुला चौथीतून काढलं, पण माझी एखादी ओळ गळली की तूच राखेच्या हाताने दारात यायचीस आणि म्हणायचीस, ‘मेल्या, मधली ओळ कुठे सांडलीस?’

आणि इथेच घोटाळा झाला. महिन्याभरापूर्वी हिरडी सोलवटली म्हणून सूनबाई मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी माझी वरची कवळी काढली, उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कवळीकडे पाहिलं. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. (पुढे पाहू.) त्यांनी ताबडतोब नवीन करून दिली. अशी बसली की सुपारी फोडावी. ती घालून मी ऐटीत गादीच्या खोलीत गेलो आणि कविता म्हटली. शब्द स्वच्छ, शिट्टी शून्य. लेखिकेने चहाचा कप खाली ठेवला. टोपी फार सभ्य माणूस, तो एवढंच म्हणाला की आजोबा, उमराव गाडी उशिरा सुटणार असल्याची सूचना देतोय असं वाटतं. घरी येताना सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटच्या भागाची तोंडं तिने शिट्टी धरून आधीच काढून ठेवली आहेत, तीन आठवडे मान मोडून, सगळी बाराव्या तोंडाची. आवाज बदलला तर ती सगळी फुकट.

म्हणून मी पुन्हा जुनी कवळी चढवली आहे. हिरडी ओरडते, पण उमराव बोलतो. शेवटचा भाग येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता भरायचा आहे. त्या भागात तीनशे वर्षांनी एक दार उघडतं म्हणे. कोण उघडतं ते लेखिका सांगत नाही.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या जावयाला आशीर्वाद, भाचीला सांग की मामा प्रसिद्ध झाला तरी ओळख ठेवील. माझ्यावर दात धरू नकोस.

तुझा धाकटा,
उमराव

ता. क. तुझ्या कार्डाचं उत्तर राहिलंच. सहा महिन्यांपूर्वी तुझ्याकडे जेवताना मी कविता म्हणत होतो, आमटी निवली, आणि तू म्हणालीस, ‘तोंडाला कुलूप घाल नि जेव.’ मी रागाने पहाटे उठलो, अंधारात मोरीच्या खिडकीतल्या दोन वाट्यांपैकी एकीत हात घातला, सापडलं ते तोंडात बसवलं आणि पहिली गाडी पकडली. वाटी चुकली. आपले दोघांचे जबडे आईवर गेलेले, त्यामुळे बसली तशी बरी, जरा सैल एवढंच. शिट्टी सुरू झाली ती त्या गाडीपासून. मी समजत होतो की वय झाल्यावर आवाजाला रंग चढला. डॉक्टर म्हणाले, आजोबा, हे बाईमाणसाचे दात आहेत. तेव्हा माझ्या कलेबद्दल वर जे जे लिहिलं आहे ते सगळं तुझ्या दातांना लागू समजावं. कृपा करून ते मला शनिवारपर्यंत राहू दे.

ता. क. दुसरा. माझे दात घालून सहा महिने तू कशी जेवलीस? कळवलं का नाहीस? (मीही महिनाभर कळवलं नाही, हे खरं. लाज वाटली.) आणखी एक. शाळेची कविता तुला कधी वर्गात उभं राहून म्हणायला मिळाली नाही. आता घरोघरी त्या चालीवरची कविता ऐकू येते ती निम्मी तुझ्याच तोंडची आहे. सूनबाईला मी हे सांगितलं, तर तिने तक्त्यावर बाराव्या तोंडाखाली लिहिलं, ‘आत्याबाई’.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. टपालाने दात पाठवायला माझं मन धजत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने स्वतः आणून देतो, वाटीत घालून, वर रुमाल बांधून. बेल वाजवणार नाही, दारात उभा राहीन. आमचा नियम तुला माहीत झालाच आहे, कोणी बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. फार काही म्हणू नकोस. नेहमीसारखं ‘ये मेल्या’ म्हटलंस तरी चालेल, उमरावाला तर तेच शोभेल.