लेपाखालचं हरीण

प्रिय बाबा,

फोनच केला असता, पण तुम्ही माझ्या तब्येतीआधी हरणाची चौकशी करता आणि माझ्या तोंडून 'मस्त आहे' निघून जातं. गेला महिनाभर मी तुमच्याशी धडधडीत खोटं बोलतेय. हरीण मस्त नाही.

उत्खननातून ती हाडाची फणी संग्रहालयात आली तेव्हा बोट लावलं तरी तिचा भुगा होत होता, आणि तुम्ही लेप चढवून तिच्यावर कोरलेलं हरीण वाचवलंत. ही गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलीय की दादा तुमची हुबेहूब नक्कल करतो. त्या काळी सगळे तोच लेप वापरायचे. आता तो पिवळा पडून आकसतोय आणि आकसताना खालच्या हाडाचा पापुद्रा उचलतोय. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं. लेप तसाच ठेवला तर हरीण गळून पडणार, काढायला जावं तर त्याच्यासोबत निघून येणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

खरं सांगते, आधी तुमचा राग आला. एवढा जाड थापायचा कशाला? मग तुमची जुनी टिपणं काढून वाचली. लेपाचे तीन हात दिलेत, दर वेळी आठवडाभर थांबून. तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. म्हणजे आता रागवायलाही कुणी उरलं नाही.

मंगळवारी लेप विरघळवायला कापसाच्या काडीवर थेंबभर अ‍ॅसिटोन घेऊन मी पायांपासून सुरुवात केली. लेप सुटला, जरा बरं वाटलं. काडी उलटी करून बघते तर मागचे दोन्ही पाय कापसावर. पुढे काय, असं संग्रहालयाच्या साहेबांनी दोनदा विचारलं. मी हात टेकलेत. फणी थंड कपाटात ठेवून दिलीय. लेप तिथेही आकसतोच आहे. रोज सकाळी जाऊन बघण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

आई सांगत होती, रविवारी तुम्ही मित्रांची फौज घेऊन हरीण दाखवायला येणार आहात, शर्टाला इस्त्रीसुद्धा झालीय. त्यासाठीच हे पत्र. मित्रांना काहीतरी थाप मारा आणि एकटे या. मान आणि तोंड अजून शाबूत आहे. पण पुढच्या रविवारचं मला सांगता येत नाही, बाबा, तेव्हा याच रविवारी बघून घ्या.

तुमचीच,
शेंडेफळ