नानांचे ताट आणि बाळकुमकर

कल्याण, ता. ८ जानेवारी १८९४

चिरंजीव मधूस सुमतीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी टोपली शनिवारी पोचली. मला वाटले तांदूळ असतील. निघाले कुत्र्याचे पिलू! आई जाऊन चार महिने झाले, नाना दोन घास खाऊन ताटावरून उठतात, त्यांचा अंगरखा मी दोनदा आवळला, हे तुला कळवले त्यावर तुझा हा उपाय? सोबत हवी तर तू ये. ठाणे काही काशीत नाही.

पिलू तुमच्या ठाण्याजवळच्या बाळकुम गावचे, म्हणून नाना त्याला कुत्सितपणे 'बाळकुमकर' म्हणतात. काल हे बाळकुमकर संध्येला बसलेल्या नानांच्या मांडीवर चढले. भर थंडीत नानांना विहिरीवर दुसरी आंघोळ. शाळेच्या हजेरीपटाचा कोपरा खाल्ला तो वेगळाच. ट्रेनिंग कॉलेज सोडून मला वीस वर्षे झाली, चाळीस मुली माझ्या एका नजरेने गप्प बसतात, आणि हे पिलू माझ्याकडे बघून जांभई देते! मागच्या दाराचा उंबरा ओलांडायचा नाही, एवढाच एक धडा आहे. रविवारी येऊन घेऊन जा.

लोभ आहे. पिलावर नाही.
सुमती

ठाणे, खोपट, ता. ११ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस मधूचे साष्टांग नमस्कार. वि. वि. रविवारी कचेरीच्या कामाने येणे होत नाही, रागावू नकोस. पिलू ज्याने दिले त्या दौलतला तुझी तक्रार वाचून दाखवली. तो पोट धरून हसला. म्हणाला, बाईंना सांगा, पोरींवर वटारता तसे डोळे वटारून काय होणार? भाकरी हातात धरायची, सांगितलेले केले की मगच द्यायची. पिलू ज्याच्या हातचे खाते त्याचेच ऐकते. वर विचारत होता, बाईंच्या हातची भाकरी कडक आहे का? हे त्याचे शब्द, माझे नव्हेत.

नाना जेवतात का, ते कळव. बाकी सारे त्यापुढे क्षुल्लक आहे.

तुझ्या रागाइतकाच लोभही असू दे.
मधु

कल्याण, ता. २१ जानेवारी

चिरंजीव मधूस आशीर्वाद. वि. वि. दौलतला सांग, भाकरी मऊ होती. तरी तुझे पिलू आठवडाभर तिला तोंड लावीना. उपाशी प्राणी वाळतो. हे फुगत चालले. माझा शब्द ऐकेना, आणि नाना नुसते खाकरले की शेपूट हलवत उभे!

उलट नानांचे ताट रोज लख्ख. मी साडेदहाला वाढून शाळेत जाते, परत येते तो ताटात शीतही नसते. त्यांची भूक परतली म्हणून मी, वेडीने, देवापुढे साखर ठेवली.

काल शाळा भरताच अचानक सुट्टी मिळाली आणि मी लगेच घरी परतले. बघते तो नाना पाटावर, बाळकुमकर मागच्या उंबऱ्याबाहेर शहाण्यासारखे बसलेले, आणि नाना वरणभाताचा एकेक गोळा करून त्याच्यापुढे टाकताहेत, तुपासकट! आंघोळीचा एवढा बाऊ करणारे ते हेच. मी नको नको ते बोलले. तुम्हाला आमच्यासाठी जगायचे नाही का, इथवर बोलले. त्यांचे जेवताना मौन असते हे तुला ठाऊक आहे. एक अक्षर न बोलता मान खाली घालून बसून राहिले. वडिलांवर ओरडले याची लाज वाटते, आणि रागही जात नाही. आठ दिवस ते जवळजवळ उपाशी होते, मधु.

आजपासून दौलतचा नियम दोघांनाही लावला आहे. पिलू अंगणात बांधलेले. नानांचे ताट माझ्यासमोर संपेल, तेव्हाच त्याची भाकरी. आणि ती नानांच्या हातून. शाळेला उशीर झाला तर होऊ दे. हेही फसले तर मी हरले.

लोभ ठेव, आणि पुढच्या रविवारी टोपली घेऊन ये.
सुमती

कल्याण, ता. २६ जानेवारी

चिरंजीव मधूस त्र्यंबकाचे आशीर्वाद. तुझी बहीण फार कडक आहे. कॉलेजात तिला मीच पाठवले; तक्रार कोणाकडे करणार? रोज समोर उभी राहून माझे घास मोजते. मी हात आखडला की तिकडे अंगणात बाळकुमकर गळा काढतात. पहिले तीन दिवस ते ओरडणे बंद व्हावे एवढ्यासाठीच जेवलो.

तुझ्या आईमागे भाताला चव राहिली नव्हती. सुमतीला हे सांगता आले नाही; तुला लिहितो.

काल दोन घास उरले असताना पिलाने दोरीतून मान सोडवली आणि धावत येऊन उंबऱ्यापाशी थांबले. आत आले नाही, फक्त बघत राहिले. माझ्या तोंडून निघून गेले, की थांबा बाळकुमकर, दोन घास राहिलेत. सुमतीने तोंडाला पदर लावला आणि भाकरी आणायला आत गेली.

रविवारी ये, पण टोपली आणू नकोस. मुंजीपासूनचे जेवतानाचे मौन मोडले. मौनाच्या नियमाप्रमाणे मी तिथेच ताटावरून उठायला हवे होते, उठलो नाही. दोन्ही घास खाल्ले.

तुझा,
नाना