देव नसलेल्या घरी

धुळे,
दि. २४ एप्रिल २०२५

प्रिय आईस,

जय भीम. या घरात सगळे ख्रिस्ती रीतीने एकमेकांना सलाम म्हणतात, मीही म्हणते, पण तुला सलाम लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून हे टपालाने. कागद फाडणं तुझ्या जिवावर येतं, मला माहीत आहे. वाण्याच्या पुड्यासुद्धा तू आधी वाचायचीस आणि मग चुलीत घालायचीस.

आबांचा गुडघा कसा आहे? यंदा वाळवणात ज्वारीच्या बिबड्या बऱ्याच घातल्यास. मला कसं कळलं ते पुढे सांगते.

इकडे ऊन आग ओकतंय. ललित डेपोच्या वर्कशॉपमधून ग्रीसने माखून येतो आणि साबणाने तीनतीनदा हात धुतल्याशिवाय बाळाला घेत नाही. लताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्यासाठी मेथीचे लाडू करतात. असले कडू की तू केले असतेस तर मी तुझ्याशी भांडले असते, इथं मुकाट्याने गिळते. सासुरवास म्हणायचा तो एवढाच. माणसं चांगली आहेत गं. वाईट असती तर तुला लिहायला सोपं गेलं असतं.

बाळ छान आहे. मान धरायला लागलंय. नाक थेट आपल्या प्रशीलचं. त्याला सांगू नकोस, मामा म्हणवून घ्यायला तो अजून तयार नसेल.

मी मात्र बरी नाही.

पहिल्यापासून सांगते. नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घर वर्षभरासाठी एक वचन काढतं. थाळीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात, एकेकीवर शास्त्रातलं एक वाक्य. तेव्हा मला नववा लागत होता, म्हणून आमच्या घराची चिठ्ठी मला काढायला लावली. देवाकडे मागून मागून मिळवलेलं लेकरू ज्या बाईनं त्याच्याच मंदिरात नेऊन दिलं, तिच्या तोंडचं वचन निघालं. पोटुशी बाई आणि असं वचन! बाया मला मिठ्या मारायला लागल्या, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्यातला एकच शब्द ऐकू आला. दिलं.

बाळ झालं आणि मला खात्रीच वाटायला लागली की देव त्याला मागून घेणार. दुपारी ललित कामावर असतो, सासूबाई आडव्या होतात, घर गप्प होतं. तेव्हा मी त्याच्या नाकापाशी बोट धरून बसते. बोटाला श्वास लागतो, तरी पटत नाही. मग त्याला चिमटा काढते. रडला म्हणजे आहे. सासूबाई उठून विचारतात, हा दुपारचाच एवढा कसा रडतो? मी म्हणते, पोट दुखत असेल.

हे तुला सांगायची लाज वाटते, कारण तू म्हणशील, बघ, हेच दिलं का तुझ्या देवानं. आणि इथं सांगायची लाज वाटते, कारण इथं भीती म्हणजे विश्वास कमी. महिला मंडळाच्या बहिणी येतात, चिंता करू नकोस म्हणतात, चहा पितात, जातात. चिंता तिथंच असते, वर ती केल्याचं पाप माझ्या नावावर चढतं. सासूबाई डोक्यावर हात ठेवतात, "बठ्ठं देवना हातमा शे, पोरी." सगळं त्याच्या हातात आहे, याचा त्यांना धीर येतो. मी तर त्याच हातांना घाबरते.

तुला वाटतं मी ललितसाठी ख्रिस्ती झाले. तसं नाही आई. त्या चर्चमध्ये डोळे मिटले की कुणीतरी माझं ऐकतंय असं मला खरंच वाटायचं. प्रार्थना मी अजूनही करते, पण आता तिच्यात दोनच शब्द उरलेत. आज नको.

माझं लग्न तू सोसलंस. बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं तेव्हा उंबऱ्यात उभी राहिलीस. आपल्या घरानं देव सोडून तीन पिढ्या झाल्या होत्या आणि मी पुन्हा एक धरला होता. तू म्हणालीस, "आपला घरमा देव नही. तुले पाहिजे व्हता ना? आते तुनं तू पाही ले."

या आठवड्यात तेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आपल्या घरात देव नाही. म्हणजे तिथं बाळाला मागायला कुणी येणार नाही.

आई, परवा मंगळवारी मी पारोळ्याला आले होते. सासूबाईंना सांगितलं लस द्यायला नेते, आणि बसमध्ये बसले. तोंडाला स्कार्फ बांधला होता, बाळाला ओढणीत घेतलं होतं. तुझ्या ओट्यावर त्याला ठेवायचं आणि मागे न बघता फिरायचं, असं ठरवून आले होते. त्यानंतर मी कुठे जाणार होते ते लिहीत नाही. तू समजून घे.

गल्लीच्या तोंडाशी उभी होते. तू खाटेवरच्या बिबड्या उलथत होतीस. मान वर केलीस, डोळ्यांवर आडवा हात धरून माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलीस. ओळखून गेलीस की उन्हाने गेलीस, मी विचारत नाही. ओटा मोकळा होता, ठेवता आलं असतं. पण त्यानं माझ्या स्कार्फचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, ते मला सोडवेना. आले तशी परत आले. लस दिली का, सासूबाईंनी विचारलं. दिली म्हटलं.

काल हे सगळं मंजुळाबाईंना सांगितलं. त्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायको. मला वाटलं, आता एखादं वचन तोंडावर मारतील. त्यांनी लसूण पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "मरणना आधी येशू भी बागमा घाबरना व्हता, बेटा." त्यानं मित्रांकडे उपदेश मागितला नाही, नुसतं माझ्याजवळ जागे राहा म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. आणि दिवेलागणीपर्यंत माझ्याजवळ लसूण सोलत बसल्या. काल मी बाळाला चिमटा काढला नाही. दवाखान्यात अशा बायकांसाठी डॉक्टर असतात, मी तुला घेऊन जाते, असंही त्या म्हणाल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही, ललितला सांगावं लागेल. आणि ते मित्र त्या बागेत झोपून गेले होते. मंजुळाबाईंनी ते सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

चार मेला, रविवारी, बाळाचं समर्पण आहे. दोनदा मी पुढे ढकललं, आता सबबी संपल्या. पाळकसाहेब लेकरू हातात घेतात, देवाला देतात, प्रार्थना करतात आणि परत आईकडे देतात. एवढंच असतं. प्रत्येकीला आपापलं लेकरू परत मिळतं. इतके दिवस मला वाटायचं, मला द्यायची भीती वाटते. पारोळ्याहून येताना बसमध्ये कळलं की तसं नाही. ते परत देतील तेव्हा माझे हात पुढे होतील की नाही, हेच मला सांगता येत नाही.

तू प्रार्थना करू नकोस. डोळे मिटू नकोस. कुणी सलाम म्हटलं तर जय भीम म्हण, सासूबाईंना मी सांगून ठेवीन. पण त्या दिवशी माझ्या शेजारी उभी राहा, आणि माझे हात पुढे झाले नाहीत तर तू घे त्याला.

तू नाही म्हटलंस तरी तुझीच,
मृणाली